मोत माउलीच्या भिंतीतलं मीठ

सप्टेंबर उजाडला की मराठवाड्यातली कितीतरी ख्रिस्ती कुटुंबं देवगिरी नाहीतर नंदीग्राम एक्स्प्रेस धरून मुंबईला निघतात. ८ सप्टेंबर हा मरियामातेच्या जन्माचा सण. त्याला लागून वांद्र्याच्या टेकडीवर माउंट मेरीची जत्रा आठवडाभर भरते. कोळी बांधव या मातेला मोत माउली म्हणतात. नवस फेडायला मेणाचे हात, पाय, घरं, बाळं वाहिली जातात, आणि वाहणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं असतात. टेकडीवरून अरबी समुद्र दिसतो. त्या समुद्राचं आणि इथल्या चर्चच्या भिंतींचं नातं आपल्या औसा, उदगीर, नळदुर्गच्या किल्ल्यांनाही लागू पडतं, म्हणून त्याबद्दल सांगावंसं वाटतं.

इथलं पहिलं प्रार्थनाघर जेझुइट पाद्र्यांनी १५७० च्या सुमारास उभारलं. १७०० मध्ये अरब चाचे चालून आले आणि त्यांनी मूर्तीचा उजवा हात तोडला, असं सांगतात. पुढे वसईच्या मोहिमेत, १७३९ च्या धामधुमीत, ती वास्तूही गेली. हरवलेली मूर्ती कोळ्यांच्या जाळ्यात सापडली ही श्रद्धेतली गोष्ट, पण ती गोष्ट सांगणारे कोळी आजही जत्रेत मानाने येतात. १७६१ च्या आसपास चर्च पुन्हा उभं राहिलं. आज आपण पाहतो ती दगडी इमारत १९०४ सालची, वास्तुविशारद शापूरजी चांदाभॉय यांची. १९५४ मध्ये तिला बॅसिलिकेचा, म्हणजे पोपकडून मिळणारा मानाच्या चर्चचा, दर्जा मिळाला.

इमारतीची धाटणी गॉथिक वळणाची आहे. टोकदार कमानी हे तिचं ठळक लक्षण. अर्धगोल कमान आपला भार दोन्ही बाजूंना बराच बाहेर रेटते, म्हणून तिला जाडजूड भिंतींचा आधार लागतो. टोकदार कमानीत तोच भार अधिक सरळ खाली उतरतो, बाहेरचा रेटा कमी होतो, आणि भिंतीत उंच खिडक्यांना जागा मिळते. हे गणित युरोपातल्याच कारागिरांना कळलं होतं असं मात्र नाही. सतराव्या शतकातल्या बीबी का मकबऱ्यात टोकदार कमानीच आहेत.

समुद्रापासून इमारतीला धोका म्हटलं की आपल्याला लाट आठवते. ते खोटं नाही. २६ डिसेंबर २००४ ला तमिळनाडूतल्या वेलांकणी या किनाऱ्यावरच्या तीर्थक्षेत्री त्सुनामीने शेकडो जीव घेतले. नाताळनंतरच्या रविवारी आलेले यात्रेकरू त्यात होते. चर्चमध्ये पाणी शिरलं नाही, भोवतालची वस्ती मात्र उद्ध्वस्त झाली. अशी लाट शतकात एखादी येते. भिंतीला रोज खाणारी गोष्ट वेगळी आहे. ती म्हणजे मीठ.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट फुटली की बारीक तुषार उडतात, तुषार वाळला की क्षाराचा कण वाऱ्यावर स्वार होतो आणि भिंतीवर येऊन बसतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं आणि दगडाच्या छिद्रांत शिरतं. आर्द्रता खाली आली की तिथेच त्याचे स्फटिक होतात. किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर ही रेषा पहाटे वर आणि दुपारी खाली अशी जवळजवळ रोज ओलांडली जाते. पाथरवट दगडाच्या भोकात लाकडी पाचर ठोकून तिला पाणी पाजतो, ती फुगते आणि दगड चिरतो. स्फटिक छिद्रात तसाच रेटा देतो. फरक एवढाच की इथे पाचरा लाखो आहेत आणि काम वर्षानुवर्षं चालतं.

मग शेकडो वर्षं जुन्या किनारी वास्तू टिकल्या कशा? याचं बरंचसं श्रेय चुन्याला आहे. किनाऱ्यावर शिंपले जाळून चुना करत, आपल्याकडे काळ्या रानातली चुनखडी गोळा करून भट्टी लावत. दोन्हींत पदार्थ एकच, कॅल्शियम कार्बोनेट. साधारण ९०० अंश सेल्सिअसला १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विझवायचा, वाळूबरोबर घाणीत मळायचा. मराठवाड्यात कितीतरी जुन्या गढ्यांच्या आवारात बैलाने फिरवायच्या या घाणीचं दगडी चाक अजून पडलेलं दिसतं. भिंतीवर चढलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा दगड बनतो. जाताना जे गेलं तेच हवेतून परत येतं, हे रसायन मला फार सुंदर वाटतं.

असा गिलावा सच्छिद्र असतो. भिंतीतली ओल त्याच्यातून बाहेर येते आणि पाणी उडतं ते गिलाव्याच्या थरात. मीठही तिथेच साचतं, तिथेच स्फटिक होतात. गिलावा भुगा होऊन पडतो, आतला दगड वाचतो. गिलावा पुन्हा लावता येतो, दगड लावता येत नाही. सिमेंटचा थर ही वाट बंद करतो. ओल आत कोंडते, मीठ थराच्या मागे साचतं, आणि वरून भिंत धडधाकट दिसत असताना दगड आतून पोखरला जातो.

गोव्यात याचा उलटा धडा पाहायला मिळतो. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस, जिथे संत फ्रान्सिस झेविअरचं शव आहे, १६०५ मध्ये पूर्ण झालं. ते जांभ्या दगडाचं. जांभा सच्छिद्र असतो, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात दगड जुना आणि भारदस्त दिसावा म्हणून तो गिलावा खरवडून काढला. तेव्हापासून उघडा जांभा दर पावसाळ्यात झिजतो आहे. आज लाखो लोक तो तांबडा चेहराच खरा मानतात, आणि गिलावा परत लावा म्हणणाऱ्या वास्तुतज्ज्ञांना विरोध होतो. माझं मत गिलाव्याच्या बाजूने आहे.

आपल्याकडे समुद्र नाही, पण मीठ आहे. ते जमिनीतून वर चढतं. गावठाणातल्या पांढऱ्या मातीत गोठ्यांचं, उकिरड्यांचं नायट्रेट शतकानुशतकं मुरलेलं असतं. ओल भिंतीत हातभर, दोन हात वर येते आणि तिथे लोणा, म्हणजे मिठाचा पांढरा थर, लागतो. पूर्वी अशाच जागांची माती खरवडून, धुऊन त्यातून बारुदीचा सोरा काढत. आपला काळा पाषाण जांभ्यापेक्षा खूप घट्ट, मीठ त्याच्यात सहज शिरत नाही. म्हणून इथे आधी दगडांमधल्या दरजा रित्या होतात. मग कुणीतरी कळवळ्यानेच त्या दरजा सिमेंटने भरतो, देवळाच्या, मशिदीच्या किंवा मिशनच्या जुन्या चर्चच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून ऑइलपेंट देतो. दोन-चार पावसाळ्यांत तो लोणा सिमेंटच्या वरच्या कडेला, आधीपेक्षा उंच, पुन्हा उगवतो.

उपाय अवघड नाही, वेळखाऊ आहे. आधी ओल कुठून येते ते शोधायचं, म्हणजे तुंबलेली नाली, फुटलेली पन्हळ, जोत्याला टेकलेली माती. सिमेंट हलक्या हाताने छिनून काढायचं. मग कागदाच्या लगद्याचा ओला थर भिंतीवर थापायचा. तो वाळताना आतलं मीठ स्वतःत ओढून घेतो. थर फेकायचा आणि नवा लावायचा, मीठ कमी होईपर्यंत. त्यानंतर चुन्याचा गिलावा, पातळ थरांत, प्रत्येक थर काही दिवस ओलसर ठेवून. हवेतला कार्बन डायऑक्साइड आतवर पोचायला महिने लागतात, त्यामुळे हे काम आठवड्यात उरकता येत नाही. निविदेत मुदत लिहिताना हे महिने धरले, तर चुना मळू शकणाऱ्या उरल्यासुरल्या गवंड्यांना काम मिळेल आणि त्यांच्या हाताखाली नवी पोरंही शिकतील.