वृक्षनिगा साधने

वृक्षनिगा साधने : उभ्या, जिवंत झाडाची छाटणी करणे, त्यावर चढणे आणि कापलेला भार सुरक्षित खाली उतरवणे या कामांसाठी व्यावसायिक कामगार वापरतात ती हत्यारे व साहित्य. बागकामाची आणि इमारती लाकूडतोडीची अवजारे येथे धरलेली नाहीत. नोंद मुख्यतः ठाणे व नवी मुंबईतील कामाला धरून आहे.

या पट्ट्यात दोन पिढ्यांची झाडे शेजारी-शेजारी आढळतात. ठाण्याच्या जुन्या वाड्यांतून उरलेले आंबे, चिंचा, वड, माड ही एक. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर वसवलेल्या नोड्समधील (नवी मुंबईच्या नियोजित वसाहतींतील) गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष ही दुसरी. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ, वडा-पिंपळाचे चिकट, माडाचे तंतुमय. साधनाची निवड इथूनच सुरू होते. छाटणीचा हंगाम एप्रिल-मे, म्हणजे पावसाच्या तोंडावर.

पारंपरिक हत्यार कोयता. येऊरच्या पाड्यांत तो कमरेच्या आकडीला अडकवलेला अजूनही दिसतो. काटक्या, झावळ्या आणि झुडपे साफ करण्यास तो उत्तम. मात्र जाड फांदीवर घाव तिरपा बसतो, लाकूड फाटते आणि साल खाली सोलत जाते. म्हणून जिवंत झाडाच्या छाटणीत करवतीला प्राधान्य द्यावे. बोटाएवढ्या फांदीला सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, पुरते. सिकेटरचे दोन प्रकार : पाती एकमेकींना घासून जाणारा आणि पाते सपाट ठोकळ्यावर दाबणारा. दुसरा सालीला चेमटवतो, त्यामुळे ओल्या लाकडाला पहिलाच वापरतात. मनगटाएवढ्या फांद्यांसाठी ओढताना कापणारी वाकडी हातकरवत सोयीची. ढकलताना पाते वाकण्याचा प्रश्न तिच्यात येत नाही, त्यामुळे पाते पातळ ठेवता येते.

यंत्रकरवतीच्या, म्हणजे चेन सॉच्या, उगमाविषयी मतभेद आहेत. जॉन एटकन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटिश वैद्यांनी साधारण १७८० च्या दशकात बाळंतपणातील अडचणीत जघनास्थींमधील सांधा कापण्यासाठी बारीक दात्यांची साखळी वापरली, हे बहुधा मान्य आहे. पण ती दोन मुठी धरून हाताने मागे-पुढे ओढायची साखळी होती. तिला पट्टी नव्हती आणि ती अखंड फिरतही नव्हती. बर्नहार्ड हाइने या जर्मन कारागिराने १८३० च्या सुमारास केलेल्या हाड-करवतीत मात्र मार्गदर्शक पट्टीभोवती फिरणारी अखंड साखळी होती, आणि दांडा फिरवून ती चालवत. रचनेचा विचार करता हाइनेचे यंत्र आजच्या चेन सॉला अधिक जवळचे वाटते. ‘बाळंतपणासाठी शोधलेली करवत’ ही लोकप्रिय कथा त्यामानाने सैल आहे. लाकडासाठीच्या अखंड साखळी-करवतीचे अमेरिकी पेटंट सॅम्युएल बेन्स यांना १९०५ मध्ये मिळाले. पुढे १९२० च्या दशकात जर्मनीत आंड्रेआस स्टील यांनी विजेवरची (१९२६) व एमिल लेर्प यांनी पेट्रोलवरची (१९२७) करवत आणली. ही यंत्रे दोघांनी उचलावी लागत. आजच्या साखळीचा दाता मात्र जोसेफ कॉक्स यांचा : लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून १९४६-४७ मध्ये त्यांनी तो बेतला.

खरेदीच्या वेळी अश्वशक्तीपेक्षा साखळीचे माप महत्त्वाचे. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतर मोजून निम्मे केले की हे माप, म्हणजे पीच, मिळतो. झाडावर वापरायच्या हलक्या यंत्रांत बहुधा ३/८ इंच कमी उंचीची साखळी असते आणि तिला ४ मिमी गोल कानस लागते, ०.३२५ इंचाच्या साखळीला ४.८ मिमी. चुकीची कानस फिरवली की दाता गोलावतो, मग यंत्र कापत नाही, नुसते घासते आणि चुऱ्याऐवजी पीठ पडते. पट्टीवर जळके इंजिन ऑइल ओतण्याची सवय सार्वत्रिक आहे, पण त्यातील धातूकणांनी पट्टी व साखळी लवकर झिजतात. वरची मूठ असलेले यंत्र फक्त झाडावरच्या प्रशिक्षित कामगारासाठी. जमिनीवर मागची मूठ असलेलेच घ्यावे. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र उसळी घेते, म्हणून साखळी तत्काळ थांबवणारा चेन ब्रेक नीट काम करतो याची रोज खात्री करतात.

कोणत्याही हत्याराची कसोटी म्हणजे त्याने केलेला काप. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची फुगीर कडी असते. अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी १९७० च्या दशकात मांडले की झाड जखम भरत नाही, ती आतून बंदिस्त करते. कडी राखली तरच ते साधते. त्यामुळे खोडाला घासून कापणे चूक ठरले. जड फांदीला तीन काप घेतात : आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून, मग त्याच्या थोडे बाहेरून वरून, आणि शेवटी उरलेला खुंट कडीच्या बाहेरून. कापावर डांबर किंवा ऑइल पेंट फासल्याने कूज थांबत नाही. बोर्डो पेस्टचे (मोरचूद व चुन्याच्या लेपाचे) समर्थक आपल्याकडे आहेत. पण तिचा उपयोग बुरशीपुरता, जखम मिटवण्यास नव्हे.

वडा-पिंपळाचा व फणसाचा चीक पात्यावर सुकला की करवत अडते. रॉकेलच्या बोळ्याने तो निघतो. रोगट झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाण्यापूर्वी पाते ७० टक्के अल्कोहोलने पुसतात. ब्लीचिंगचे पाणीही चालते, पण खाडीकाठच्या दमट, खारट हवेत आधीच गंजणाऱ्या पोलादाला ते मारक.

चढण्याचा दोर आणि फांदी उतरवण्याचा दोर वेगळे ठेवतात. उतरवणीच्या झटक्याने ताणलेल्या दोरावर माणसाने लटकू नये. काथ्याचा दोर चढण्यास बाद. नायलॉन ताणते आणि भिजल्यावर काहीसे दुबळे होते, म्हणून पॉलिएस्टरच्या वेष्टणाचा ११ ते १३ मिमी दोर घेतात. खिळ्यांचे बूट केवळ तोडायच्या झाडासाठी. माड व ताडाला तर मुळीच नकोत : या झाडांत जाडी वाढवणारा ऊतकथर नसतो, त्यामुळे चढण्यासाठी पाडलेल्या खाचा आयुष्यभर तशाच राहतात.

शिरस्त्राण आयएस (भारतीय मानक) २९२५ चे, पट्टा आयएस ३५२१ चा. तारांजवळ लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्याऐवजी कोरडा फायबरचा दांडा वापरतात, आणि आधी वीजपुरवठा बंद करून घेतात.

नागरी क्षेत्रात १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा अधिक वयाची झाडे वारसा वृक्ष ठरली.