पार्श्वभूमी : प्राणवायूचा दाब उतरला की अवयव का ढासळतात

११ मे २०२१ रोजी गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळात पहाटे २ ते ६ या वेळेत २६ कोविड रुग्ण दगावले. सिलिंडरच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरने ओढून आणाव्या लागत, त्या जोडताना वॉर्डापर्यंतचा दाब उतरे, हे पुढे न्यायालयासमोर आले. नंतरच्या रात्रीही मृत्यू थांबले नाहीत. चर्चा मात्र एकाच प्रश्नावर अडून राहिली: माणसे कोविडने गेली की प्राणवायूअभावी?

२० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत उत्तर आले की, प्राणवायूअभावी मृत्यू झाल्याची वेगळी नोंद राज्यांनी कळवलेली नाही. कागदापुरते ते बरोबर होते. मृत्यूच्या दाखल्यात मूळ कारण म्हणून आजार लिहितात; श्वास बंद पडणे हे मूळ कारण धरत नाहीत. आकडेवारीसाठी ही पद्धत योग्यच आहे. पण तिच्या आधाराने प्राणवायूला बाजूला काढणे शरीरशास्त्राला धरून नाही, कारण सूज आणि प्राणवायूची तूट या पेशीच्या पातळीवर वेगळ्या करताच येत नाहीत.

पेशीत काही एन्झाइमे प्राणवायूची पातळी जोखत असतात. प्राणवायू पुरेसा असला की ती एचआयएफ नावाचे प्रथिन सतत मोडीत काढतात. तो घटला की हे प्रथिन साचते आणि पेशी तुटीशी जुळवून घेऊ लागते. या शोधाला २०१९चे नोबेल मिळाले. हीच एन्झाइमे एनएफ-कप्पा-बी या दाहाच्या, म्हणजे सुजेच्या, मुख्य कळीलाही आवर घालतात, म्हणून प्राणवायू उतरला की तो आवरही सैलावतो. मग टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ हे दाह भडकवणारे निरोप, म्हणजे सायटोकाइन, सुटतात. रक्तवाहिन्यांचे अस्तर झिरपू लागते, पांढऱ्या पेशी त्याला चिकटतात, बारीक गुठळ्या होतात. फुप्फुसात पाणी भरते, प्राणवायूला रक्तापर्यंत पोचणे आणखी अवघड होते आणि तूट वाढते. निरोगी माणसेही ३४०० मीटरच्या वर तीन रात्री राहिली तर त्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ वाढते. ज्याची फुप्फुसे आधीच सुजली आहेत, त्याच्या प्राणवायूचा दाब उतरल्यावर काय होत असेल!

पुरवठा परत आला म्हणूनही सारे निभावत नाही. प्राणवायू एकदम परतताना विषारी ऑक्सिजन रेणूंचा लोंढा येतो आणि इजा वाढते. मूत्रपिंडाचा गाभा एरवीही तुटपुंज्या प्राणवायूवर चालतो, म्हणून तो लवकर कोलमडतो.

अनेक अवयव एकापाठोपाठ निकामी होण्याचे वर्णन १९७०च्या दशकातले. टीएनएफ १९७५मध्ये सापडला. १९९०च्या दशकात सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव ढासळू लागलेल्या, रुग्णांत हे निरोप अडवून पाहिले, पण मृत्यू ठळकपणे घटले नाहीत.

कोविडकाळात 'सायटोकाइन स्टॉर्म', म्हणजे या निरोपांचे वादळ, हे शब्द घराघरात पोचले. मात्र २०२०च्या एका एकत्रित विश्लेषणात गंभीर कोविडमध्ये इंटरल्यूकिन-६ सरासरी सुमारे ३७ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर निघाले, तर सेप्सिसमध्ये सुमारे ९८४. एवढ्या कमी पातळीला वादळ म्हणणे मला पटत नाही. रक्तातला आकडा कमी असला तरी फुप्फुसातली आग मोठी असू शकते, हा प्रतिवाद मात्र रास्त आहे. तरीही २०२१च्या एप्रिल-मेमध्ये देशभर नातेवाईक इंटरल्यूकिन-६ अडवणाऱ्या टोसिलिझुमॅब या औषधाच्या कुप्यांसाठी वणवण करत होते.

औषधाचा उपयोग झाला, पण बेताचा. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत रक्तातला प्राणवायू ९२ टक्क्यांखाली असलेल्या किंवा प्राणवायू लावलेल्या आणि दाहाची पातळी चढलेल्या रुग्णांना ते दिले. २८ दिवसांतले मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१वर आले. दाह दाबणाऱ्या डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि नुसत्या प्राणवायूवरच्यांचे एक पंचमांशाने घटवले. प्राणवायू लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. म्हणजे ही औषधे प्राणवायूच्या जोडीने द्यायची होती, त्याच्या बदली नव्हे.