स्टिअरिंग जड आहे की घट्ट? जुन्या गाडीचे दोन निरनिराळे आजार

जुन्या गाडीचं काम उरकत आलं, इंजिन लागलं, ब्रेक धरायला लागले आणि गाडी खूप दिवसांनी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली, की पहिली तक्रार ठरलेली असते: "स्टिअरिंग फार टाइट आहे." या एका ‘टाइट’मध्ये दोन निरनिराळे आजार लपलेले असतात. स्टिअरिंग जड असतं, नाहीतर घट्ट असतं. खांदे दोन्हींत सारखेच भरून येतात, म्हणून गल्लत होते. जड स्टिअरिंगचे सगळे सुटे भाग ठणठणीत असू शकतात. त्यांच्यावर येणारा भार जास्त असतो. घट्ट स्टिअरिंगवरचा भार नेहमीचाच असतो, पण वाटेतला एखादा सांधा धरलेला असतो.

गल्लत महागात पडते ती स्टिअरिंग बॉक्सवरच्या, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोहोचवणाऱ्या दात्यांच्या पेटीवरच्या, एका स्क्रूमुळे. बॉनेट उघडलं की तो समोरच दिसतो, वर लॉकनट असतो, आणि हात शिवशिवतात. मीही एकदा तो पाऊण फेरा ढिला केला होता. स्टिअरिंगमध्ये तीन बोटं प्ले आला, म्हणजे चाकं न वळता ते तेवढं नुसतंच फिरायला लागलं, गाडी सरळ रस्त्यावर झिंगल्यासारखी चालायला लागली, आणि उभ्या गाडीत वळवताना जोर पूर्वीइतकाच लागत राहिला. दुखणं टायरमध्ये होतं. पुढच्या दोन्ही चाकांत जेमतेम १८ पौंड हवा होती.

म्हणून पान्याला हात लावण्याआधी जॅक काढावा. मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढची दोन्ही चाकं अधांतरी करा आणि गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नका. आता स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन बोटांनी फिरवून बघा. सरसर फिरलं तर तक्रार बहुधा जडपणाची. हवेतही ते नेट लावायला लावत असेल, मध्येच अडखळत असेल, तर ते घट्ट आहे.

‘बहुधा’ म्हणायला कारण आहे. किंगपिन म्हणजे ज्या उभ्या खिळ्याभोवती पुढचं चाक वळतं तो. त्याच्या खाली जे थ्रस्ट बेअरिंग किंवा वॉशर असतं, त्यावर गाडीचा भार पेलला जातो. ते गंजलं किंवा कोरडं पडलं असेल तर चाक हवेत असताना साळसूदपणे फिरतं आणि जमिनीला टेकलं की धरतं. जॅकची परीक्षा इथे फसते. मग दुसरी परीक्षा घ्यावी लागते, ती चालत्या गाडीत. मोकळ्या जागेत अगदी सावकाश वळण घ्या आणि हातातली पकड सैल करा. जड स्टिअरिंग आपसूक सरळ यायला बघतं. घट्ट स्टिअरिंग जिथे सोडाल तिथेच बसून राहतं, सरळही तुम्हालाच करावं लागतं. आणखी एक खूण: गाडी जराशी पुढे सरकली की जडपणा एकदम उतरतो, कारण टायर जागच्या जागी घासला न जाता गोल फिरत वळतो. घट्टपणा मात्र वेग वाढला तरी हाताला जाणवत राहतो.

जडपणाचं गणित सोपं आहे. पुढच्या एका चाकावर ३०० किलो भार आहे असं धरू. टायरमध्ये ३० पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो दाब. तेवढा भार तोलायला टायर जमिनीला सुमारे १४३ चौरस सेंटिमीटर टेकतो. हवा २० पौंडांवर आली की हाच ठसा २१४ च्या आसपास जातो. टायरची भिंतही थोडा भार घेते, त्यामुळे आकडे ढोबळ आहेत, पण दीडपट रबर जमिनीवर घासायचं म्हटल्यावर हातांना काय वाटत असेल ते कळतं. जुन्या पद्धतीचे क्रॉसप्लाय टायर काढून आजचे रेडियल चढवले, वर ते एक आकडा रुंद घेतले, की उभ्या गाडीत स्टिअरिंग आणखी जड होतं. त्यात मूळचं १७ इंची स्टिअरिंग व्हील काढून देखणं १४ इंची बसवलं तर तेच काम करायला सव्वापटीच्या जवळपास जोर लागतो. सजावट म्हणून केलेला हा बदल आजार म्हणून समोर येतो, आणि मालकाला तो आठवतही नाही.

कॅस्टरकडे तर कोणाचंच लक्ष जात नाही. सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो, तसा किंगपिनलाही मागे कल दिलेला असतो, तोच कॅस्टर. त्यामुळेच स्टिअरिंग सरळ येतं. हा कल वाढला की स्टिअरिंग सरळ येतं झकास, पण वळवायला जड जातं. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या बसल्या, गाडीची पाठ खाली गेली, की सगळी गाडीच मागे झुकते आणि कॅस्टर आपोआप वाढतो. म्हणजे पुढच्या तक्रारीचं मूळ कधी मागच्या ॲक्सलवर सापडतं. शिवाय थोडा जडपणा त्या काळाचाच आहे. पॉवर स्टिअरिंग विक्रीच्या मोटारीत पहिल्यांदा आलं ते १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. त्याआधीच्या गाड्या चालवणारे चाक जरा हलू द्यायचे आणि मगच वळवायचे.

घट्टपणात अंदाज चालत नाही, सांधे सोडवावे लागतात. आधी चाकांकडचे टाय रॉडचे (चाकांना वळवणाऱ्या दांड्यांचे) बॉल जॉइंट सुटे करा. जॉइंटचा निमुळता खिळा आपल्या भोकात गच्च बसलेला असतो. त्याच्या आट्यांवर घाव घालायचा नाही. ज्या डोळ्यात तो बसलाय त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी दोन हातोड्यांनी ठोकलं की बहुतेक वेळा तो टपकन खाली येतो. आता प्रत्येक चाक हाताने वेगळं फिरवून बघा, मग वर बसून नुसतं स्टिअरिंग फिरवा. चोर कुठल्या खोलीत आहे ते इथे कळतं. एक सावधगिरी: बॉक्स रिसर्क्युलेटिंग बॉलचा, म्हणजे आत गोळ्या फिरत राहणारा, असेल तर सांधे सुटे असताना स्टिअरिंग टोकाला नेऊन आपटू नका, आतल्या गोळ्यांच्या नळ्या दुखावतात.

चाक घट्ट निघालं तर किंगपिन बघायचा. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ग्रीसचं मेण झालेलं असतं. गाडी चाकांवर उभी असताना ग्रीसगन मारली तर ग्रीस सोप्या वाटेने वरून बाहेर येतं, आणि भाराने दाबलेल्या खालच्या भागात शिरतच नाही. चाकं लोंबकळत ठेवून, डावी-उजवीकडे फिरवत ग्रीस भरा. काळं, कडक ग्रीस निघून ताजं दिसेपर्यंत. बुश (पिन ज्यांत फिरते त्या नळ्या) नवीन टाकले असतील तर दोन्ही एका रेषेत रीम केलेत का, म्हणजे भोक घासून मापाला आणलंय का, ते विचारा. वेगवेगळे रीम केलेले बुश एकेकटे पिनवर सुरेख सरकतात, पण एकत्र बसवल्यावर पिन धरतात. ट्रायम्फ हेराल्ड आणि स्पिटफायरवाल्यांनी तर ग्रीसगन बाजूलाच ठेवावी. त्यांच्या खालच्या ट्रनियनला, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या आट्यांच्या सांध्याला, ईपी ९० गिअर ऑइल लागतं. ग्रीस आट्यांपर्यंत नीट पोहोचत नाही. आटे कोरडे पडतात, आत पाणी राहून गंजतात, आणि एके दिवशी तिथूनच तुटतात.

चाकं मोकळी आणि स्टिअरिंग घट्ट, असं निघालं तर आधी कॉलम, म्हणजे स्टिअरिंगपासून बॉक्सपर्यंत जाणारा दांडा. रंगकाम झालेल्या गाडीत हा हमखास सापडतो, कारण बॉक्स आणि डॅशखालचा ब्रॅकेट घाईत आवळलेले असतात आणि मधली नळी वाकून ताणाखाली फिरते. ब्रॅकेटचे बोल्ट सैल करून स्टिअरिंग फिरवा. हलकं झालं तर वॉशर घालून रेषा जुळवायची, बस्स. एका फेऱ्यात दोनदा घट्ट आणि दोनदा सैल लागत असेल तर युनिव्हर्सल जॉइंट गंजलाय.

एवढं सगळं निर्दोष निघालं तरच तो बॉक्स. आत काय भरलंय ते आधी बघा. गळती थांबावी म्हणून कोणीतरी तेलाऐवजी ग्रीस कोंबलेलं असतं. वर्म (स्टिअरिंगच्या दांड्यावरचा मळसूत्री गिअर) फिरताना ते बाजूला सारलं जातं, परत येत नाही, आणि दात कोरडे चालतात. सील बदला, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं तेल भरा.

राहिला तो स्क्रू. वर्म-सेक्टरच्या (वर्म जिथे दात्यांच्या एका तुकड्याला फिरवतो अशा) बऱ्याच बॉक्समध्ये मधोमध मुद्दाम किंचित कमी फट ठेवलेली असते, म्हणजे गाडी सरळ चालताना प्ले राहत नाही. रोज सरळ चालून झीजही तिथेच जास्त होते. चाकं वळलेली असताना तिथली फट घालवायला स्क्रू आवळला, की स्टिअरिंग मधोमध येताच धरतं. म्हणून ड्रॉप आर्म (बॉक्सला चाकांकडच्या दांड्यांशी जोडणारा हात) सुटी करून या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरे मोजा, निम्म्यावर या, आणि तिथेच स्क्रू थोडा थोडा, प्ले जेमतेम जाईल एवढाच आवळा. मध्यावरून स्टिअरिंग नेताना हाताला पुसटसा अडसर लागला तर चालेल, अडखळ लागता कामा नये. लॉकनट आवळताना स्क्रू पेचकसने घट्ट धरून ठेवा, नाहीतर नटाबरोबर तोही फिरतो आणि मोजणी पहिल्यापासून करावी लागते.