मोरिओरी संपले? नाही हो!

न्यूझीलंडमध्ये माओरींच्या (तिथल्या मूळ रहिवाशांच्या) आधी मोरिओरी नावाचे वेगळ्याच वंशाचे लोक होते, माओरींनी त्यांना हाकललं आणि ते संपले, ही स्टोरी तिथल्या शाळांतही कित्येक वर्षं शिकवली गेली. चूक आहे. मोरिओरी पण पॉलिनेशियनच (पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचे लोक), माओरींचेच भाऊबंद, साधारण १५०० च्या सुमारास ८०० किमी पूर्वेच्या चॅथम बेटांवर गेले, बेटाला ते रेकोहू म्हणतात. त्यांचा पूर्वज-नेता नुनुकू याने घालून दिलेला नियम म्हणजे माणूस मारायचा नाही, त्यामुळे १८३५ मध्ये न्गाती मुतुंगा आणि न्गाती तामा या माओरी टोळ्या युरोपियन जहाजातून (हो, होड्यांतून नाही!) उतरल्या तेव्हाही मोरिओरींनी शस्त्र उचललं नाही. कत्तल, गुलामी झाली, ते खरंच आहे. वर १८७० मध्ये कोर्टाने ९७ टक्क्यांहून जास्त जमीन न्गाती मुतुंगालाच दिली. १९३३ मध्ये टॉमी सोलोमन गेले, 'शेवटचा मोरिओरी' म्हणून, पण त्यांना मुलंबाळं होती की! २०२१ मध्ये न्यूझीलंड सरकारने मोरिओरींशी सेटलमेंटचा, म्हणजे जुन्या अन्यायाच्या भरपाईचा, कायदाच केला, तो काय भुतांसाठी?