इराकची युद्धोत्तर पुनर्बांधणी : खर्चाचा भार

मार्च २००३ मध्ये अमेरिका व तिच्या मित्रराष्ट्रांनी इराकवर आक्रमण केले. त्यानंतर तेथील वीज, पाणी, तेल, आरोग्य आणि पोलीस या यंत्रणा पुन्हा उभ्या करण्याचा पैसा कोणी द्यायचा, यावर झालेला वाद आणि त्यातून घडत गेलेली व्यवस्था हा या नोंदीचा विषय आहे. पैसा तीन ठिकाणांहून येऊ शकत होता : इराकचे स्वतःचे तेल, आक्रमण करणारी राष्ट्रे आणि इतर देणगीदार देश व वित्तसंस्था. शिवाय एक चौथा पक्ष होता, त्याच तेलावर आधीपासून हक्क सांगणारे जुने धनको आणि १९९० च्या कुवेतवरील आक्रमणाबद्दल युद्धभरपाई मागणारे दावेदार. त्याचा विचार सुरुवातीला फारसा झाला नाही, पण पुढची बरीच गणिते त्यानेच बिघडवली.

२७ मार्च २००३ रोजी अमेरिकेचे उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे सांगितले, की इराक आपल्या पुनर्बांधणीचा खर्च लवकरच स्वतः उचलू शकेल आणि येत्या दोन-तीन वर्षांत तेलातून ५० ते १०० अब्ज डॉलर मिळतील. जमिनीखालचा साठा पाहून केलेला हा अंदाज होता. पुनर्बांधणीला लागतो तो हातात येणारा रोख पैसा. तो किती, हे साध्या गुणाकाराने दिसते. रोज १५ लाख पिंपे निर्यात आणि पिंपामागे ३० डॉलर भाव धरला, तर वर्षाला सुमारे १६.४ अब्ज डॉलर मिळतात. त्यातून भरपाई निधीचे ५ टक्के, म्हणजे सुमारे ८२ कोटी डॉलर, परस्पर वजा होतात. उरलेल्या रकमेतून लक्षावधी सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार, निवृत्तिवेतन, घराघरांत जाणारे शिधावाटप आणि इंधनाची आयात भागवायची. होय, इंधनाची आयातसुद्धा. कारण शुद्धीकरण कारखाने मोडकळीला आले होते आणि पंपावर पेट्रोल लिटरला २० दिनारांना, म्हणजे जेमतेम सव्वा-दीड सेंटला विकले जात होते. एवढे भागल्यावर नव्या वीजकेंद्रासाठी फारसे काही उरत नसे.

गरज किती, हे ऑक्टोबर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रे व जागतिक बँक यांच्या संयुक्त पाहणीतून पुढे आले. २००४ ते २००७ या काळासाठी १४ क्षेत्रांना सुमारे ३६ अब्ज डॉलर लागणार होते. तेल, सुरक्षा आदींसाठी कब्जेदार राष्ट्रांनी बगदादमध्ये नेमलेल्या हंगामी प्रशासनाने आणखी सुमारे २० अब्जांचा अंदाज दिला. बेरीज ५५ अब्जांच्या आसपास गेली. त्याच महिन्यातील माद्रिद परिषदेत सुमारे ३३ अब्जांची आश्वासने मिळाली. त्यांतील २० अब्जांच्या घरातली रक्कम एकट्या अमेरिकेची होती आणि इतरांच्या वाट्यात कर्जाचा भाग मोठा होता. परिषदेत जाहीर झालेला आकडा आणि प्रत्यक्ष खात्यात जमा झालेली रक्कम यांत अंतर असते, हे अशा परिषदांच्या बातम्या वाचताना कायम लक्षात ठेवावे लागते.

कायद्याची बाजू

१९०७ च्या हेग नियमावलीचे ४३ वे कलम कब्जेदार सत्तेवर सार्वजनिक जीवन व सुव्यवस्था पूर्ववत करण्याची जबाबदारी टाकते. ५५ व्या कलमानुसार जिंकलेल्या देशाची सरकारी जमीन, जंगले व इमारती तिने केवळ व्यवस्थापक म्हणून सांभाळायच्या. उत्पन्न घेता येते, पण मूळ मालमत्ता खालावू द्यायची नाही. इराकी तेलातून कब्जेदार फौजेचा खर्च परस्पर वसूल करून घ्यावा ही कल्पना त्या वेळी अमेरिकेत काहींनी मांडली होती. ती या चौकटीत बसत नव्हती.

सुरक्षा समितीच्या २२ मे २००३ च्या ठराव क्र. १४८३ ने व्यवहार्य रचना दिली. इराकवरील व्यापारी निर्बंध उठले, 'अन्नासाठी तेल' योजना (निर्बंधांच्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली तेल विकून अन्न व औषधे घेण्याची सोय) सहा महिन्यांत गुंडाळण्याचे ठरले आणि 'इराक विकास निधी' स्थापन झाला. तेलाच्या उत्पन्नाचे ९५ टक्के या निधीत आणि ५ टक्के जिनिव्हातील भरपाई निधीत जायचे. निधीचे मुख्य खाते न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत होते. या ठरावातील सर्वांत मोलाची तरतूद म्हणजे तेलाच्या पैशावर कोणत्याही धनकोला न्यायालयातून जप्ती आणता येणार नाही, हे संरक्षण. ते नसते तर बसऱ्याहून निघालेले प्रत्येक जहाज कुठल्या ना कुठल्या बंदरात अडकले असते. मूळ मुदत २००७ अखेरपर्यंत होती. वाढवत वाढवत ती जून २०११ पर्यंत नेली गेली.

तेलाचा पैसा : कुठे गळती झाली

देखरेखीसाठी संयुक्त राष्ट्रे, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक बँक आणि अरब विकास निधी यांच्या प्रतिनिधींचे एक मंडळ नेमले होते. त्याची सर्वांत चिवट तक्रार मीटरबद्दल होती. बसरा टर्मिनलवर तपासून प्रमाणित केलेले मीटर चालू नव्हते. त्यामुळे जहाजाच्या टाक्यांमध्ये तेल किती उंचीपर्यंत आले ते मोजून, तक्त्यावरून आकारमान काढले जाई. या पद्धतीत एक टक्का चूक धरली, तरी १५ लाख पिंपांमागे रोजची १५,००० पिंपे होतात. ३० डॉलर भावाने साडेचार लाख डॉलर रोज आणि वर्षाला १६ कोटींहून अधिक. ही रक्कम चोरीला गेलीच असे नव्हे. पण ती गेली की नाही हे सांगता येत नाही, आणि सार्वजनिक पैशाच्या बाबतीत हा दोष चोरीइतकाच गंभीर मानला पाहिजे. मीटर बसवायला लागणारा खर्च या आकड्यापुढे किरकोळ होता. तरीही हे काम वर्षानुवर्षे रेंगाळले.

दुसरी गळती रोखीची. बँकव्यवस्था कोलमडलेली असल्याने न्यू जर्सीतील ईस्ट रदरफर्ड येथील फेडरल रिझर्व्हच्या केंद्रातून नोटांच्या थप्प्या मालवाहू विमानांनी बगदादला नेल्या गेल्या. साधारण वर्षभरात सुमारे १२ अब्ज डॉलर गेले. नोटांचे वजन ३६० टनांवर होते. २२ जून २००४ रोजी, इराकी सरकारकडे सत्ता सोपवायला सहा दिवस उरले असताना, एकाच खेपेत २.४ अब्ज डॉलर पाठवण्यात आले. इराक पुनर्बांधणीसाठीच्या अमेरिकी विशेष महानिरीक्षकांनी जानेवारी २००५ च्या अहवालात म्हटले, की इराकी मंत्रालयांना दिलेल्या ८.८ अब्ज डॉलरच्या विनियोगावर हंगामी प्रशासनाने पुरेसे नियंत्रण ठेवले नाही. मंत्रालयांच्या वेतनपटावरील माणसे खरोखर अस्तित्वात आहेत का, एवढीही पडताळणी झालेली नव्हती. हा सगळा पैसा इराकी तेलाचा होता, अमेरिकी करदात्यांचा नव्हे. म्हणूनच त्याबाबत वॉशिंग्टनमध्ये घाई दिसली नाही, असे मानायला जागा आहे.

अमेरिकेचा वाटा : अनुदान की कर्ज

अमेरिकी काँग्रेसने एप्रिल २००३ मध्ये सुमारे २.५ अब्ज आणि नोव्हेंबरमध्ये १८.४ अब्ज डॉलर मंजूर केले. ऑक्टोबरमध्ये सेनेटने ५१ विरुद्ध ४७ मतांनी यांतील निम्म्याच्या आसपास रक्कम कर्ज म्हणून देण्याचे ठरवले होते. मतदारांना हे पटणारे होते : तेलाच्या देशाला फुकट पैसे कशाला? पण ही सूचना अंतिम मसुद्यात टिकली नाही, आणि ते योग्यच झाले. इराकवर आधीच १२० अब्ज डॉलरच्या वर कर्ज होते. इतर देशांना ते माफ करा म्हणायचे आणि आपण नवे चढवायचे, हे जमणारे नव्हते. शिवाय करारावर सही करायला इराकचे सार्वभौम सरकारच नव्हते. कब्जेदाराने कब्जातील देशाच्या वतीने स्वतःशीच कर्जाचा करार करणे कायद्यात टिकले नसते.

अनुदानाचा बराच पैसा मात्र रस्त्यातच मुरला. वीज व पाणी यांसाठी राखलेल्या रकमेतून सप्टेंबर २००४ मध्ये सुमारे साडेतीन अब्ज डॉलर मुख्यतः सुरक्षेकडे वळवले गेले. पाण्याचा मूळ ४.३ अब्जांचा वाटा जवळपास निम्म्यावर आला. कंत्राटे 'झालेला खर्च अधिक ठरलेला नफा' या पद्धतीची होती. कामाचा आदेश निघण्याआधीच कंत्राटदार माणसे, तंबू, वाहने आणि पहारेकरी घेऊन दाखल होत आणि काम सुरू होईपर्यंत त्यांचा बसून खर्च चालू राही. २००६ च्या तपासणीत हा वरखर्च काही कंत्राटांत ११ टक्के, तर एकात ५५ टक्क्यांपर्यंत आढळला.

तैग्रिस नदीवरील अल-फताह येथील काम या सगळ्याचा नमुना आहे. उत्तरेकडील तेलवाहिन्या ज्या पुलावरून जात, तो २००३ मध्ये बॉम्बहल्ल्यात निकामी झाला. पूल दुरुस्त करण्याऐवजी नदीच्या तळाखालून आडवे छिद्र पाडून वाहिन्या नेण्याचे ठरले. तिथली जमीन भेगाळलेली व सैल आहे, छिद्र टिकणार नाही, पुरेशी भूपरीक्षा करा, असा इशारा तज्ज्ञांनी दिला होता. तरीही काम रेटले गेले, कारण कंत्राटात कामाची पूर्तता बंधनकारक नव्हती. यंत्र चालवल्याचे पैसे मिळत होते. २००४ च्या उन्हाळ्यात काम सोडून द्यावे लागले तेव्हा ७.५ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाले होते. ते तेलाच्या निधीतून व अमेरिकी अनुदानातून आले. तोपर्यंत उत्तरेची निर्यात अडखळत राहिली आणि तिचे उत्पन्न बुडाले, ते वेगळेच. फलूजा येथील सांडपाणी प्रकल्प सुमारे ३.२ कोटींवरून १० कोटींच्या पुढे गेला आणि ठरल्यापेक्षा कमी घरांना जोडला गेला. दियाला प्रांतातील खान बनी साद येथील तुरुंगावर ४ कोटी डॉलर घालून तो अर्धवट टाकला गेला.

विजेचे दुखणे वेगळे आहे आणि ते अधिक शिकवून जाते. अमेरिकी पैशातून वायूवर चालणारी टर्बाइने बसली, पण वायू तिथवर आणणारी वाहिनी कोणाच्याच अंदाजपत्रकात नव्हती. मग त्यांतली बरीच टर्बाइने डिझेल, कच्चे तेल किंवा जड इंधनतेलावर चालवली गेली. अशा इंधनाने पाती खराब होतात, यंत्र वारंवार थांबवून साफ करावे लागते आणि उत्पादन क्षमतेपेक्षा कमी मिळते. त्याच वेळी दक्षिणेच्या तेलक्षेत्रांत तेलासोबत निघणारा वायू मशालींत जळत होता. यंत्राचे पैसे देणारा एक, इंधनाचे दुसरा आणि देखभालीचे कोणीच नाही, अशी विभागणी झाली की हे होणारच.

जुनी देणी

अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांना डिसेंबर २००३ मध्ये कर्जमाफीसाठी विशेष दूत नेमले गेले. २१ नोव्हेंबर २००४ रोजी पॅरिस क्लबने, म्हणजे धनको देशांच्या गटाने, आपल्या ३८.९ अब्ज डॉलरपैकी ८० टक्के कर्ज तीन टप्प्यांत माफ केले : ३० टक्के लगेच, ३० टक्के नाणेनिधीचा कार्यक्रम मंजूर झाल्यावर आणि २० टक्के तीन वर्षे तो पाळल्यावर. दुसऱ्या टप्प्याची किंमत सामान्य इराकींनी पंपावर मोजली. नाणेनिधीच्या अटींनुसार डिसेंबर २००५ मध्ये इंधनाचे दर एकदम कित्येक पटींनी वाढवावे लागले आणि शहरांत निदर्शने झाली. पुनर्बांधणीच्या सर्व स्रोतांत ही माफी सर्वांत परिणामकारक ठरली. तिच्यात कंत्राटदार नव्हता, पहारेकरी नव्हते आणि वाटेत मुरायला जागा नव्हती. आखाती राजवटींनी १९८० च्या दशकात इराण-युद्धासाठी दिलेल्या पैशाचे घोंगडे मात्र पुढे अनेक वर्षे भिजत पडले.

भरपाईचा भाग भारताशी थेट जोडलेला आहे. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळला, तेव्हा तेथून सुमारे १.७ लाख भारतीय, त्यांत गोवा, कोकण व केरळातील अनेक कुटुंबे, बहुतांशी अम्मानमार्गे मुंबईत परतली. देश सोडावा लागलेल्यांना 'अ' वर्गात व्यक्तीमागे २,५०० आणि कुटुंबामागे ५,००० डॉलर मिळत. इतर वर्गात दावा न केल्यास ४,००० व ८,०००. दावे सरकारांमार्फत दाखल होत. एकूण ५२.४ अब्ज डॉलर मंजूर झाले. सर्वांत मोठा, १४.७ अब्जांचा निवाडा पेटवलेल्या तेलविहिरींबद्दल कुवेतच्या राष्ट्रीय तेल कंपनीच्या पदरात पडला. हे हप्ते १९९० च्या दशकात तेलविक्रीच्या ३० टक्के होते, मग २५ आणि २००३ पासून ५ टक्के. विस्थापित कामगाराची भरपाई न्याय्यच होती. पण सद्दाम राजवटीच्या गुन्ह्याचा दंड पुढची पिढी भरत होती आणि २००३ च्या आक्रमणाबद्दल मात्र कोणाकडूनही अशी वसुली झाली नाही. हा असमतोल झाकण्यासारखा नाही.

पैसा आहे, खर्च होत नाही

२००७-०८ मध्ये भाव चढले आणि चित्र पालटले. अमेरिकी लेखापरीक्षण कार्यालयाने ऑगस्ट २००८ मध्ये दाखवले, की सुरक्षा, तेल, वीज व पाणी यांवर अमेरिकेने २३.२ अब्ज डॉलर खर्च केले असताना इराकने २००५ पासून सुमारे ३.९ अब्जच घातले होते. उलट इराकची संचित शिल्लक वर्षअखेर ६७ ते ७९ अब्जांवर जाण्याचा अंदाज होता. काँग्रेसमध्ये संताप झाला आणि मोठ्या बांधकामांसाठी अमेरिकी पैसा देण्यावर बंधने आली. संताप समजण्यासारखा होता, निदान मात्र अपुरे होते. आडात भरपूर होते, पोहराच फुटका होता. अनुभवी अभियंते व हिशेबनीस देश सोडून गेले होते किंवा मारले गेले होते. निविदेवर सही केली तर भ्रष्टाचाराचा आळ आणि कंत्राट दिले तर जिवाची भीती, म्हणून फायली पुढे सरकत नव्हत्या. २००६ मध्ये भांडवली तरतुदीपैकी केवळ २२ टक्के खर्च झाली. म्हणूनच तेलाच्या देशाने स्वतः पैसे द्यावेत हे तत्त्व मान्य केले, तरी त्याआधी अंदाजपत्रक, निविदा आणि मोजमाप करणारी माणसे उभी करण्याचा खर्च बाहेरून, अनुदान म्हणूनच आला पाहिजे. तेच काम सर्वांत स्वस्त असते आणि नेमके तेच मागे ढकलले जाते.

तेलक्षेत्रांसाठी इराकने २००९ मध्ये वेगळी वाट धरली. जून महिन्यातील लिलावात रुमैला क्षेत्रासाठी बीपी ही ब्रिटिश तेलकंपनी व चिनी राष्ट्रीय कंपनी यांनी पिंपामागे ३.९९ डॉलर शुल्क मागितले. सरकारने २ डॉलरच देऊ केले आणि त्यांनी ते स्वीकारले. भांडवल कंपन्यांनी घालायचे, वाढलेल्या उत्पादनातून खर्च व शुल्क वसूल करायचे, तेलाची मालकी इराकची. उत्पादन वाढले, पण पाणी, वीज व शाळा यांना अशी परतफेड करणारे पिंप नसते, त्यामुळे ही पद्धत तिथे लागू पडत नाही.

२०१४ मध्ये इस्लामिक स्टेटने मोसूल घेतले आणि त्याच वर्षी तेलाचे भाव कोसळले. त्या ऑक्टोबरपासून भरपाईचे हप्तेही स्थगित करावे लागले. फेब्रुवारी २०१८ च्या कुवेत परिषदेत इराकने ८८.२ अब्ज डॉलरची गरज मांडली. सुमारे ३० अब्जांची आश्वासने मिळाली, तीही बहुतेक कर्ज, पतमर्यादा आणि निर्यातहमीच्या रूपात. तुर्कस्तानचे ५ अब्ज ही पतमर्यादा होती, म्हणजे ती वापरायची तर मुख्यतः तुर्की माल घ्यायचा. एप्रिल २०१८ मध्ये भरपाईचे हप्ते पुन्हा सुरू झाले, प्रथम तेलविक्रीच्या अर्ध्या टक्क्याने, मग दीड आणि तीन टक्क्यांनी. शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये कुवेतच्या तेल कंपनीला गेला आणि २२ फेब्रुवारी रोजी सुरक्षा समितीने ठराव क्र. २६२१ द्वारे भरपाई आयोगाचे कामकाज संपवले.