शब्द गळाले, चाल उरली

वारीवरचा माहितीपट लागला आणि पडद्यावर दिंडी आली की मागे बासरीवर एखाद्या अभंगाची चाल हमखास सुरू होते. गायला कुणी नसतं, तरी बघणारा मनातल्या मनात ओळ पुरी करतो. निवेदकाच्या बोलण्यात अडथळा येत नाही आणि अभंगही पोचतो. पार्श्वसंगीतात पारंपरिक गाणी वाद्यांवर घेतात त्यामागची पहिली सोय हीच. पण ती चाल ज्याच्या कानावर लहानपणापासून आहे त्यालाच ती बोलते, बाकीच्यांना नुसती गोड वाटते. हा फरक कुठे ठसठशीत दिसत असेल तर आयर्लंडमध्ये.

1959 मध्ये तिथे 'मिशे एरे' (मी आयर्लंड) हा आयरिश भाषेतला पूर्ण लांबीचा माहितीपट आला. आयरिश भाषेसाठी काम करणाऱ्या 'गेल लिन' या संस्थेनं तो जॉर्ज मॉरिसन यांच्याकडून करून घेतला होता. 1916 चा ब्रिटिश सत्तेविरुद्धचा ईस्टरचा उठाव आणि त्याच्या मागचापुढचा काळ, सगळा जुन्या चित्रफितींतून उभा केलेला. चित्रफिती अर्थातच मुक्या. निवेदन आयरिशमध्ये, आणि प्रेक्षकांपैकी बहुतेकांचा रोजचा व्यवहार इंग्रजीत. म्हणजे भावनेचा सगळा भार संगीतावर. ते केलं शॉन ओ रिआडा यांनी. वय 28, डब्लिनच्या ॲबी थिएटरचे संगीत दिग्दर्शक.

त्यांनी मुख्य धून म्हणून 'रोशीन दुव' निवडलं. सावळी गुलाबकळी. वरवर पाहिलं तर हे प्रेमगीत, पण शतकानुशतकं ती कळी म्हणजे आयर्लंड, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. इंग्रजांच्या अमलात देशाचं नाव उघड न घेता देशाबद्दल गाण्याची ही रीत होती. ओ रिआडांनी ती चाल आयरिश रेडिओच्या सिंफनी वाद्यवृंदावर बसवली आणि तिचा कणा दिला हॉर्न या पितळी फुंकवाद्याला. ही निवड मला फार अचूक वाटते. जुनं आयरिश गाणं, ज्याला 'शान-नोस' म्हणजे जुनी रीत म्हणतात, ते एकट्यानं, साथीशिवाय, हरकती-मुरक्या घेत गायचं असतं. हॉर्नचा तो एकटा, लांबवलेला सूर त्या गायकाच्या जागी उभा राहतो आणि बाकीचा वाद्यवृंद त्याच्यामागे धुक्यासारखा पसरतो. 1798 च्या बंडाशी जोडलेलं 'श्लीव ना मन' हे गाणंही त्यात आहे. उठावाची दृश्यं आणि 'रोशीन दुव'ची धून इतकी एकजीव झाली की पुढे एकाचं नाव घेतलं की दुसरं आठवू लागलं.

पण आयरिश चालींपासून शब्द सुटले ते सिनेमामुळे नव्हे. त्यासाठी 1792 च्या बेलफास्टला जावं लागतं. तारांची जुनी हार्प वाजवणाऱ्यांची पिढी संपत आली होती, म्हणून उरलेल्यांना एकत्र बोलावलं गेलं. दहा आयरिश वादक आणि एक वेल्श, एवढेच आले. त्यांत डेनिस हेम्पसन नावाचा नव्वदी ओलांडलेला आंधळा वादक होता. वाढवलेल्या नखांनी तारा छेडण्याची जुनी पद्धत जाणणारा तोच एक. स्वरलेखनाचं काम होतं एडवर्ड बंटिंगकडे, वय 19. त्यानं 1796 मध्ये हा संग्रह छापला तो पियानोवर वाजवण्याजोगा करून आणि शब्दांशिवाय. हार्पच्या चालीला पियानोची बैठक दिली की काही ना काही मुरगळतंच. तरी बंटिंगला दोष देताना हात आखडतो, कारण त्यानं लिहून ठेवलं नसतं तर पुष्कळ चाली हेम्पसनबरोबरच गेल्या असत्या.

मोकळ्या पडलेल्या या चालींवर 1808 पासून कवी टॉमस मूर यांनी इंग्रजी शब्द चढवले आणि त्या दिवाणखान्यात गेल्या. हॉलिवूडच्या हाती पुढे आला तो बराचसा हाच दिवाणखान्यातला आयर्लंड. जॉन फोर्डच्या 'द क्वाएट मॅन'मधल्या (1952) लांबलचक मारामारीमागे 'रेक्स ऑफ मॅलो' ही पारंपरिक चाल टणटण उड्या मारते. मजा येते, पण ते संगीत पर्यटकाच्या कानांनी ऐकलेलं आहे. 'मिशे एरे' वेगळा ठरतो तो इथे.

गंमत म्हणजे, ओ रिआडा स्वतःच या यशापासून दूर सरकले. 1962 मध्ये त्यांनी आयरिश रेडिओवर पारंपरिक संगीताबद्दल एक मालिका केली. तीत त्यांचं म्हणणं असं, की आयरिश संगीत युरोपीय नाहीच, त्याचं नातं पौर्वात्य संगीताशी आहे. एकच चाल, दर फेरीला नवी नक्षी. आपल्याकडच्या कानाला हे पटकन पटतं. मग वाद्यवृंदाची युरोपीय स्वरसंगती अशा गाण्याखाली कशाला अंथरायची? तोवर त्यांनी 'क्योलतोरी खूलन' हा छोटा संच उभा केलाच होता. त्याचं मूळ ॲबी थिएटरच्या 1960 च्या एका नाटकात. त्या नाटकासाठी त्यांनी लोकवादक जमवले होते. फिडल म्हणजे व्हायोलिन, टिन व्हिसल ही पत्र्याची छोटी बासरी, काखेतल्या भात्यानं हवा भरायचे इलिन पाइप्स, आणि तोवर मैफलीत कुणी न विचारलेला बोरॉन हा डफासारखा चर्मवाद्याचा प्रकार. स्वतः ते हार्प्सिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्यावर, कारण त्याच्या तारांचा आवाज जुन्या हार्पच्या जवळ जातो असं त्यांना वाटे.

या संचातले पाइपवादक पॅडी मोलोनी यांनी 1962 मध्ये 'द चीफटन्स' काढला. 1975 मध्ये स्टॅन्ली कुब्रिकच्या 'बॅरी लिंडन'मध्ये या मंडळींनी वाजवलेली 'मना ना हेरन' (आयर्लंडच्या स्त्रिया) ही धून जगभर गेली. त्या चित्रपटाच्या संगीत रूपांतरासाठी लेनर्ड रोझनमन यांना ऑस्कर मिळालं. ओ रिआडा 1971 मध्येच, चाळिशीत, गेले होते.

आणि 'मना ना हेरन' ही धून पारंपरिक नव्हतीच. शब्द अठराव्या शतकातले, पेडर ओ डोर्निन या कवीचे, पण चाल ओ रिआडांची स्वतःची. अमेरिकेच्या यादवी युद्धावरच्या केन बर्न्सच्या 1990 च्या मालिकेत हेच झालं. तिची गाजलेली व्हायोलिनची धून लोकांना 1860 च्या सुमाराची वाटली, पण ती जे उंगर यांनी 1982 मध्ये रचलेली होती.

निर्मात्यांच्या दृष्टीनं हा फरक पैशांचा आहे. पारंपरिक चालीवर कुणाची मालकी नसते, म्हणूनच तुटपुंज्या बजेटवाल्यांना ती प्रिय. पण तिची वाद्यांसाठी केलेली मांडणी ही मांडणाऱ्याची, आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क पुन्हा वेगळे. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही संगीतरचनेच्या रूपांतराच्या व्याख्येत अशी मांडणी येते. त्यामुळे एखाद्या तयार ट्रॅकवर 'पारंपरिक' असं लिहिलेलं दिसलं तरी आधी विचारायचं ते हे, की पारंपरिक नेमकं काय: शब्द, चाल, की नुसता बासरीचा आवाज?