सिंथ गप्प का बसतो: मिडी आणि प्लगइनच्या बिघाडांची पार्श्वभूमी

कीबोर्डवर पट्टी दाबली, ट्रॅकवरचा मिडीचा, म्हणजे वाद्यं आणि कंप्युटर ज्या भाषेत एकमेकांना निरोप देतात तिचा, दिवा लुकलुकला, सिंथची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणाऱ्या वाद्याची, विंडो समोर उघडी आहे, सगळं जागच्या जागी दिसतंय आणि स्पीकरमधून काहीच येत नाही. डीएडब्ल्यूवर, म्हणजे संगीत रेकॉर्ड करायच्या आणि जुळवायच्या प्रोग्रॅमवर, काम करणाऱ्या प्रत्येकाने हे भोगलंय. मग बहुतेक जण काय करतात, तर आधी ऑडिओ ड्रायव्हर काढून परत टाकतात, मग प्लगइन, म्हणजे डीएडब्ल्यूच्या आत चालणारा सिंथ किंवा इफेक्ट, परत टाकतात, मग अख्खा डीएडब्ल्यूच, आणि शेवटी कळतं की ट्रॅक चॅनल २ वर पाठवत होता आणि सिंथ चॅनल १ वर ऐकत होता. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. मला मनापासून वाटतं की हे टाळायला ट्रिकांची यादी पाठ करण्यापेक्षा ही सगळी व्यवस्था कशी उभी राहिली ते माहीत असणं जास्त कामाचं आहे, कारण आज आपण ज्याला बिघाड म्हणतो त्यातल्या बऱ्याच गोष्टी कधीतरी कुणीतरी विचारपूर्वक घेतलेले निर्णय आहेत.

मिडीच्या आधी सिंथ एकमेकांशी व्होल्टेजने बोलायचे. मूगसारख्या कंपन्यांचा हिशोब सप्तकाला एक व्होल्ट असा, तर कॉर्ग आणि यामाहाच्या बऱ्याच सिंथचा हिशोब हर्ट्झवर, म्हणजे सप्तक वर गेलं की व्होल्टेज दुप्पट. दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ थेट जोडले की ते सुरात जुळायचेच नाहीत. पुढे रोलंडने स्वतःचा डीसीबी नावाचा डिजिटल जोड काढला, ओबरहाइमचा वेगळा होता, म्हणजे प्रश्न तोच, फक्त रूप नवं. १९८१ मध्ये रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांनी टॉम ओबरहाइम यांच्याकडे सगळ्यांचा मिळून एक स्टँडर्ड करायचा विषय काढला, तिथून तो सिक्वेन्शियल सर्किट्सच्या डेव्ह स्मिथ यांच्यापर्यंत गेला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्मिथ आणि चेट वुड यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीसमोर युनिव्हर्सल सिंथेसायझर इंटरफेस नावाचा प्रस्ताव मांडला. त्यातूनच मिडी आलं. जानेवारी १९८३ मध्ये नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एका केबलने जोडले, एकावर वाजवलं आणि दुसरा वाजला. ऑगस्ट १९८३ मध्ये मिडी १.० चं स्पेसिफिकेशन पक्कं झालं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या अमेरिकन आणि जपानी कंपन्यांनी मिळून हे केलं आणि त्यावर कुणी लायसन्सचे पैसे लावले नाहीत, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. स्मिथ आणि काकेहाशी यांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं ते याच कामासाठी.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं स्वस्तात व्हायला हवं होतं, नाहीतर कंपन्यांनी ते घेतलंच नसतं. म्हणून वेग ठरला सेकंदाला ३१,२५० बिट, कारण त्या काळच्या चिपच्या १ मेगाहर्ट्झ घड्याळाला ३२ ने भागलं की नेमका तोच आकडा येतो. म्हणून निरोपातले आकडे ० ते १२७, म्हणून चॅनल १६. एक बाइट जायला ३२० मायक्रोसेकंद लागतात, एका नोटचे तीन बाइट, म्हणजे जवळपास एक मिलिसेकंद. जाड कॉर्ड वाजवला, सोबत सूर सरकवणारा पिच बेंड फिरवला, वर दुसऱ्या ट्रॅकवरून मशीनांचा ताल जुळवणारा क्लॉक चालू ठेवला, की नोटा एकामागे एक रांगेत उभ्या राहतात, आणि जुन्या पाच पिनांच्या केबलवर बीट किंचित सैल झाल्यासारखा वाटतो तो यामुळे. तिथे सिंथचा किंवा डीएडब्ल्यूचा काही दोष नसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मिडीतून आवाज जातच नाही. जातं ते एवढंच की अमुक पट्टी इतक्या जोरात दाबली, आणि नंतर वेगळा निरोप, ती सोडली. हे दोन निरोप वेगळे ठेवणं रास्त होतं, कारण वाजवणारा नोट किती वेळ धरणार ते मशीनला आधी कळणार कसं. पण अडकलेली नोट, जी बंदच होत नाही, ती जन्माला आली ती इथेच. समजा पॅडच्या, म्हणजे लांब रेंगाळणाऱ्या आवाजाच्या, ट्रॅकवर एक पट्टी दाबून धरलीय, आणि तशीच धरून दुसऱ्या हाताने माउसने बेसचा ट्रॅक निवडला, मग पट्टी सोडली. काही प्रोग्रॅममध्ये सुटल्याचा निरोप आता बेसच्या ट्रॅकला जातो, तो बिचारा वाजतच नव्हता म्हणून त्याला काही फरक पडत नाही, आणि पॅडला कुणी थांब म्हणून सांगितलंच नाही म्हणून पॅड वाजतच राहतो. केबल मधेच निघाली, लूपच्या सीमेवर नोट कापली गेली, नोटा लांबवणाऱ्या सस्टेन पेडलचा सोडल्याचा निरोप हरवला, सगळ्यांत गोम तीच. बऱ्याच डीएडब्ल्यूमध्ये पॅनिक बटन असतं ते यासाठीच, ते कंट्रोलर नावाच्या, नंबर दिलेल्या मिडी निरोपांपैकी १२३ म्हणजे सगळ्या नोटा बंद, आणि बऱ्याचदा १२० म्हणजे सगळा आवाज बंद, असे निरोप सगळ्या चॅनलवर पाठवतं. पेडलचा उलटेपणा हा वेगळा प्रकार, पाय उचलल्यावर नोटा लांबतात आणि दाबल्यावर तुटतात, तिथे पेडलची पोलॅरिटी उलटी आहे एवढंच समजायचं, बहुतेक कीबोर्ड चालू करताना पेडलला हात, म्हणजे पाय, न लावता चालू केला की स्वतः ओळखतो.

लोकल कंट्रोलचंही तसंच. हार्डवेअर सिंथ स्वतःच्या पट्ट्यांवर स्वतः वाजतो, आणि डीएडब्ल्यू तीच नोट परत त्याच्याकडे पाठवतो, म्हणजे एक पट्टी आणि दोन नोटा, थोड्याशा अंतराने, त्यामुळे आवाज पोकळ आणि फिरल्यासारखा येतो आणि पॉलीफोनी, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणाऱ्या नोटांची संख्या, निम्मी होते. ऐकणाऱ्याला वाटतं पॅचवर, म्हणजे सिंथच्या निवडलेल्या आवाजावर, फेझर नावाचा इफेक्ट लागलाय. सिंथवर लोकल ऑफ केलं की संपलं, त्यासाठी कंट्रोलर १२२ पहिल्यापासून राखून ठेवलाय. आणि सप्तकाचा घोळ: नोट ६० म्हणजे मिडल सी हे ठरलं, पण त्याला सी३ म्हणायचं का सी४ ते ठरलं नाही. यामाहाने सी३ म्हटलं, रोलंडने सी४. म्हणून ड्रमचा मॅन्युअल एका पट्टीवर किक सांगतो आणि आपल्याकडे तिथे भलतंच वाजतं, किंवा ऑर्केस्ट्राच्या लायब्ररीतली आर्टिक्युलेशन, म्हणजे वाजवायची ढब, बदलणारी पट्टी, कीस्विच, सापडतच नाही. नाव सोडून नंबर बघायचा.

एक निर्णय मात्र इतका चांगला होता की तो नंतर सोडून दिला तेव्हाच त्याची किंमत कळली. पाच पिनांच्या मिडीत येणाऱ्या बाजूला ऑप्टोकपलर असतो, आत एक बारीक एलईडी चमकतो आणि समोरचा सेन्सर तो उजेड वाचतो, म्हणजे दोन मशीनांमध्ये विजेचा थेट संबंधच येत नाही आणि ग्राउंड लूपची, म्हणजे मशीनांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेची, घरघर होत नाही. १९९९ मध्ये यूएसबी मिडी आलं, एका केबलमध्ये कितीतरी चॅनल, सोय प्रचंड, पण साध्या यूएसबीत हे विलगीकरण नाही. माझ्याकडे एका सिंथच्या आवाजात बारीक चिरचिर यायची, आणि लॅपटॉपवर प्लगइनचा मीटर हलला किंवा माउस फिरवला की ती बदलायची, त्यामुळे माझा सगळा संशय प्लगइनवर. दोन संध्याकाळी गेल्या. मग लॅपटॉपचा चार्जर काढला आणि चिरचिर जागीच थांबली. त्या सिंथला यूएसबी काढून जुन्या पाच पिनांच्या केबलने जोडलं, चार्जर परत लावला, आवाज स्वच्छ. १९८३ च्या त्या छोट्याशा भागाबद्दल मला तेव्हापासून खरंच आदर आहे.

प्लगइनची गोष्ट वेगळ्या वळणाने जाते. १९८५ मध्ये अटारी एसटी कंप्युटर मिडीचे पोर्ट घेऊनच आला, त्यावर सिक्वेन्सर, म्हणजे नोटा नोंदवून परत वाजवणारे प्रोग्रॅम, चालायचे, पण आवाज बाहेरच्या सिंथमधूनच. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने आपल्या क्यूबेस या डीएडब्ल्यूमध्ये व्हीएसटी हा प्लगइनचा फॉरमॅट आणला, तेव्हा त्यात फक्त इफेक्ट होते, आणि १९९९ च्या व्हीएसटी २ मध्ये प्लगइनला मिडी मिळू लागलं, म्हणजे सिंथ स्वतःच कंप्युटरच्या आत शिरला. त्यासोबत लेटन्सी, म्हणजे पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर, हे दुखणं घरात आलं. प्रोसेसर आवाज एकेका सँपलने, म्हणजे एकेका सुट्या मोजमापाने, बाहेर देत नाही, गठ्ठ्याने देतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात, आणि सेकंदाला ४४,१०० सँपल धरले तर ५१२ सँपलचा बफर म्हणजे ११.६ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे २.९. छोटा बफर घेतला तर हात मोकळा चालतो पण प्रोसेसरला दम लागून आवाज तडतडतो, मोठा घेतला तर तडतड जाते पण वाजवताना चिखलात चालल्यासारखं होतं. विंडोजचे तेव्हाचे ड्रायव्हर यासाठी बनलेलेच नव्हते, म्हणून स्टाइनबर्गने १९९७ मध्ये एएसआयओ नावाची कमी उशिराच्या ड्रायव्हरची पद्धत काढली होती, आणि आजही विंडोजवर उशीर वाटला की पहिला प्रश्न तोच, एएसआयओ ड्रायव्हर निवडलाय ना. बफर छोटा असूनही उशीर होत असेल तर मास्टरवरचे, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथले, प्लगइन बंद करून बघा, पुढचा आवाज आधी वाचणारा लिमिटर, म्हणजे आवाजाचं टोक दाबणारा प्लगइन, स्वतःचा उशीर जोडतो आणि डीएडब्ल्यू बाकी सगळ्यांना त्याच्यासाठी थांबवून धरतो.

मिडीसारखा सगळ्यांचा मिळून एक करार मात्र प्लगइनमध्ये झाला नाही. व्हीएसटी स्टाइनबर्गचं, ऑडिओ युनिट ॲपलचं, एएएक्स प्रो टूल्सचं. त्यामुळे इथले बिघाड निरोपाचे कमी आणि आवृत्तीचे जास्त. ३२ बिटचा प्रोग्रॅम ४ जीबीच्या पलीकडे मेमरी पाहू शकत नाही, सँपल लायब्रऱ्या मोठ्या झाल्या म्हणून ६४ बिट आलं, मग जुने ३२ बिटचे प्लगइन मधल्या जोड-प्रोग्रॅममधून, पुलावरून, चालवायची वेळ आली, आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिट बंदच केलं. २०२० मध्ये ॲपलने स्वतःचे एम१ प्रोसेसर आणले, तेव्हापासून डीएडब्ल्यू नेटिव्ह, म्हणजे थेट नव्या प्रोसेसरसाठीचा, चालू असला तर फक्त इंटेलसाठी बनलेला प्लगइन बऱ्याचदा यादीतच दिसत नाही, आणि डीएडब्ल्यू रोझेटा या ॲपलच्या इंटेल प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीतून उघडला की दिसतो. लोक फोल्डर तपासत बसतात, फाइल तिथेच असते.

व्हीएसटी ३ आलं २००८ मध्ये. त्यात मिडी कंट्रोलर प्लगइनला थेट मिळत नाहीत, डीएडब्ल्यू ते पॅरामीटरमध्ये, म्हणजे प्लगइनच्या सेटिंगच्या आकड्यांमध्ये, बदलून देतो. विचार स्वच्छ होता, पण मिडी लर्नवर, म्हणजे नॉब फिरवून तो सिंथला शिकवायच्या सोयीवर, उभ्या असलेल्या सिंथची पंचाईत झाली. त्यावर उपाय म्हणून काही प्लगइन १६ चॅनल गुणिले १३० असे २,०८० लपलेले पॅरामीटर तयार करतात, आणि म्हणूनच कधीकधी ऑटोमेशनच्या, म्हणजे आपोआप बदलता येणाऱ्या सेटिंगच्या, यादीत कंट्रोलरच्या नावांची न संपणारी रांग दिसते. एखादा सिंथ व्हीएसटी २ मध्ये नॉबला नीट दाद देत होता आणि व्हीएसटी ३ मध्ये देत नाही, तर नॉब आणि केबल सोडा, इथे बघा. २०१८ मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी २ चं एसडीके, म्हणजे प्लगइन बनवायचं साहित्य, देणं थांबवलं, आणि २०२२ मध्ये बिटविग आणि यू-ही या कंपन्यांनी क्लॅप नावाचा मोकळ्या लायसन्सचा फॉरमॅट आणला, ज्यात मिडी जसंच्या तसं पोचतं.

म्हणून मी पहिल्या मिनिटात एकच पाहतो, बिघाड मिडी आणि प्लगइन यांच्यामधल्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे. सिंथच्या विंडोतल्या चित्रातल्या पट्टीवर माउसने क्लिक करायचं. आवाज आला तर प्लगइन आणि ऑडिओ ठीक आहेत, गडबड मिडीत: चॅनल, आर्म (ट्रॅक ऐकायला तयार आहे का), पोर्ट, सप्तक, किंवा विंडोजवर तोच पोर्ट दुसऱ्या कुठल्या उघड्या प्रोग्रॅमने धरून ठेवलाय. नाही आला तर मिडीला हातही लावायचा नाही, आवृत्ती, लायसन्स, आउटपुट, ड्रायव्हर याच क्रमाने जायचं. आणि ट्रॅकवरचा दिवासुद्धा लागत नसेल तर आधी केबल बदला, काही यूएसबी केबलमध्ये फक्त वीज जाते, कीबोर्ड उजळतो पण कंप्युटरला तो दिसतच नाही.

जुनी प्रोजेक्ट उघडताना हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. मिडी फाइलचा फॉरमॅट १९८८ चा, तेव्हाची फाइल आज कुठल्याही डीएडब्ल्यूमध्ये टाकली की नोटा जशाच्या तशा येतात, वेलॉसिटीसकट, म्हणजे दाबल्याच्या जोरासकट. दहा वर्षांपूर्वीचा सिंथ मात्र उघडेलच याची खात्री नाही. म्हणून गाणं संपलं की मी प्रत्येक सिंथ ट्रॅक ऑडिओ करून ठेवतो, शेजारी त्याची मिडी फाइल, आणि ट्रॅकच्या नावातच प्लगइनचं नाव, आवृत्ती आणि पॅच लिहून ठेवतो.